वादी गंधार, प्रतिवादी निषाद

गेल्या आठवड्यात एका भाडेकरूच्या दाव्याचा मसुदा करताना माझ्या हातून 'प्रतिवादी' ह्या शब्दाच्या जागी 'संवादी' असा शब्द लिहिला गेला, आणि तोही दोन ठिकाणी. वकीलसाहेबांनी कागद माझ्या टेबलावर आपटून चारचौघांत विचारले, "पेडणेकर, हा संवादी कोण? घरमालक की भाडेकरू?" मी अठ्ठावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. सध्या दिंडोशीच्या कोर्टासमोर माझी बैठक आहे. अर्ज, तक्रारी, प्रतिज्ञापत्रे असे माझ्या हातचे कागद सरकारी कपाटांत किती असतील याची गणती होणार नाही. अशा माणसाकडून अशी चूक कशी झाली, याचा खुलासा करणे मला भाग आहे. आणि तो खुलासा मेस्त्रीबाईंना वगळून करता येत नाही.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या ती गेल्या वर्षीच्या एप्रिलातली दुपार होती. साठी उलटलेली, ठेंगणी बाई. हातात पांढरी काठी, अंगावर निळी सुती साडी, गळ्यात दोरीने अडकवलेला फोन. माझ्या रांगेत आणखी तीन अर्जवाले बसतात. त्यांना ओलांडून त्या सरळ माझ्यापुढे येऊन थांबल्या. माझ्याच टेबलाची निवड का केली, असे मी पुढे एकदा, स्तुतीच्या अपेक्षेने, विचारले. त्या म्हणाल्या, "बाकीचे गिऱ्हाइकाला हाका मारत होते. तुम्ही एकटे गप्प. म्हटलं, हा माणूस एकतर हुशार असेल, नाहीतर झोपला असेल."

त्यांना अर्ज हवा होता तो वसाहतीतले समाजमंदिर उन्हाळ्याचे दोन महिने दुपारच्या वेळी मिळावे म्हणून. बारावीची परीक्षा दिलेली काही अंध मुले जूनमध्ये कॉलेजात जाणार होती. त्यांतल्या काहींना संगीत हाच विषय घ्यायचा होता आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यायची होती. बाई त्यांना गाणे शिकवणार होत्या आणि गाण्याच्या निमित्ताने कॉलेजात वावरायलाही शिकवणार होत्या. मी माझ्या पद्धतीप्रमाणे मजकूर मोठ्याने म्हणत लिहू लागलो: "मी खाली सही करणार अबला, जन्मतः दृष्टिहीन, सविनय प्रार्थना करते की, सदर दुर्दैवी विद्यार्थ्यांवर आपली कृपादृष्टी होऊन..."

"थांबा, थांबा. ही अबला कोण?"

"आपण."

"मी बँकेच्या हेड ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. मोठ्या साहेबाला लाइन द्यायची की नाही, ते मी ठरवायचे. अबला खोडा. आणि दुर्दैवी कोण?"

"विद्यार्थी."

"त्यांतला एक काल रिक्षावाल्याला झापत होता, रस्ता चुकलास म्हणून. दुर्दैवी तो रिक्षावाला. तेही खोडा. आणि दृष्टी त्यांची त्यांच्याकडेच राहू दे. आम्हाला हॉलची किल्ली द्या म्हणावं."

मी त्यांना गंभीरपणे सांगितले की अर्जाची म्हणून एक रीत असते. त्यावर त्यांनी माझे आडनाव विचारले. मी सांगितले.

"पेडणेकर? म्हणजे आमच्याच बाजूचे. गावच्या देवळात गाऱ्हाणं ऐकलंय ना?"

ऐकले होते. देवापुढे उभा राहून गावकर सांगतो, आज हा अमुक तुझ्या पायाशी आला आहे, त्याला अमुक हवे आहे, त्याची वाट मोकळी कर. आणि जमलेली माणसे प्रत्येक मागणीला 'होय म्हाराजा' अशी साथ देतात.

"झालं तर. तसं लिहा. कोण आलंय, काय हवंय. देवाला चार वाक्यांत कळतं, ऑफिसला का नाही कळणार?"

मी चार वाक्यांचा अर्ज लिहिला. माझ्या कारकिर्दीतला तो सर्वांत आखूड कागद. आठ दिवसांत किल्ली मिळाली. तो योगायोग असावा, असे माझे त्या वेळी मत होते.

वर्ग सुरू झाल्यावर त्यांनी मला बघायला बोलावले. मी दारातून आत पाऊल टाकले आणि थेट एका तंबोऱ्याच्या गवसणीत अडकलो. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या बंद, दिवा एकही नाही, आणि त्या काळोखात सात मुले शांतपणे 'सा' लावून बसलेली. "काय हो हा काळोख!" मी म्हणालो. सूर थांबला. बाई म्हणाल्या, "मुलांनो, हे पेडणेकर. यांना डोळ्यांचा त्रास आहे. कुणीतरी उठून यांच्यासाठी दिवा लावा रे." सातही जण हसले. एक मुलगी उठली, न अडखळता दारापर्यंत आली आणि बटण दाबून परत जागेवर जाऊन बसली. ती वैशाली. तिच्याविषयी पुढे येईलच.

बाईंची माणसे ओळखण्याची तऱ्हा वेगळी होती. त्यांचे वडील गिरणीत होते आणि चाळीच्या भजनात पेटी वाजवीत. लहानपणापासून पेटीच्या पट्ट्या हेच बाईंचे ओळखीचे रस्ते. प्रत्येक आवाजाला त्या पट्टी देत. वसाहतीचा वॉचमन काळी एक, इस्त्रीवाला पांढरी पाच, पाण्याची मोटर काळी तीन. माझा आवाज भारदस्त आहे असे मला अनेकांनी सांगितलेले आहे. बाईंनी तो ऐकून निर्णय दिला, "पांढरी एक, आणि तीही उतरलेली."

शिकवण्याची भाषा मात्र सगळी टेलिफोनची. एखाद्याचा सूर तंबोऱ्यात मिसळला की म्हणत, "लाइन लागली!" चुकला की, "राँग नंबर. ठेव आणि परत फिरव." एका रागात दुसऱ्याची तान घुसली की, "क्रॉस कनेक्शन झालं गो बाय!" आणि सूर लांबवायचा असेल तेव्हा नुसते एक बोट वर करून, "होल्ड." मुलांना ते बोट दिसत नसे, पण बाई ते करीत जरूर. मी काही सांगू लागलो की त्यांचा ठरलेला शेरा असे: "पेडणेकर, ट्रंक कॉल तीन मिनिटांत तुटतो. मुद्दा काय?"

मे महिन्याच्या सुरुवातीला त्या सातही मुलांना घेऊन साकीनाक्याला गेल्या. त्यांच्या ओळखीच्या कुणाचे तिथे लेथ मशीनचे वर्कशॉप होते. कागदपत्रांची गरज पडली तर असावा, म्हणून मीही बरोबर गेलो. मशीन घरघरत होते, बाहेर टेम्पो एकमेकांवर ओरडत होते, आणि बाईंनी मुलांना भिंतीशी ओळीने उभे केले. कारागीर बिचारा भला, त्याने विचारले, "मॅडम, मशीन बंद करू क्या?"

"बंद मत करो भैया. वोही तो अपना तानपुरा है." मग मुलांकडे वळून, "काळी दोन आहे. लावा सा. कॉलेजात तुमच्यासाठी कुणी गप्प बसणार नाही. कँटीनमध्ये, जिन्यात, सगळीकडे असाच गोंगाट. त्यात आपला सा कुठे आहे ते ज्याला कळलं, तो सुटला."

पहिल्यांदा वाट लागली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या खेपेला एकट्या वैशालीचा सूर त्या घरघरीवर जाऊन बसला, आणि हलला नाही. कारागिराने मशीन चालू ठेवूनच हात जोडले.

वैशाली मढच्या कोळीवाड्यातली. तिची आई चंद्राबाई मासळी विकते. उन्हाळ्यापुरती पोरगी बाईंच्याच घरी राहायला होती. एके दिवशी चंद्राबाई वर्गात आल्या त्या ठरवूनच आल्या होत्या. वैशालीच्या मामाने एका संस्थेत खुर्च्या विणायच्या वर्गात तिची जागा धरून ठेवली होती. जूनच्या मध्यावर तिथे हजर व्हायचे होते.

"गानं चांगलंच हाय बाई," त्या म्हणाल्या, "पन गानं शिकून पोर एकटी कशी फिरंल गो? खुर्च्यांच्या शालेत गाडी नेते, गाडी आणते."

"चंद्राबाई, बाजारात तुम्ही हाक मारता ती काळी चार. तुमच्या पोरीने तीच घेतलीय, अगदी तशीच. खुर्ची काही पळून जात नाही. परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. तोवर ती माझी."

"आन नाय झाली पास?"

"तर मी स्वतः तिला खुर्च्यांच्या शाळेत सोडायला येते, आणि शेजारी बसून पहिली खुर्ची मी विणते. तुम्हाला बसायला."

चंद्राबाई हसल्या, पण शब्द घेऊनच गेल्या. त्या गेल्यावर बाई बराच वेळ पेटीचा भाता नुसताच हलवीत बसल्या. वैशालीने विचारले, "बाई, खरंच विणाल खुर्ची?" त्या म्हणाल्या, "माका विणूक येत नाय गो. म्हणून तर तुका पास होऊक व्हया."

आता मुख्य प्रकरण. परीक्षेत तासाभराचा लेखी पेपर आणि नंतर तोंडी, म्हणजे गायन. लेखी पेपराला अंध विद्यार्थ्याने सांगायचे आणि लेखनिकाने लिहायचे. अकरावीतली एक मुलगी वैशालीची लेखनिक म्हणून ठरली होती. परीक्षेला पाच दिवस असताना तिला कांजिण्या निघाल्या. बाई काठी आपटीत माझ्या टेबलाशी आल्या. समोर दोन पक्षकार, एक वकील आणि चहावाला हजर असताना त्यांनी विचारले, "पेडणेकर, तुमचं शिक्षण किती?"

मी म्हणालो, "कायदेविषयक लेखनात अठ्ठावीस वर्षे..."

"ट्रंक कॉल! शाळा किती?"

"नववी."

"पास?"

माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'अर्जतज्ज्ञ' असे लिहिलेले आहे. त्या पाटीखाली माझी शाळा किती, हे आजवर कुणी विचारले नव्हते.

"नववीत बसलो होतो," मी हळू आवाजात सांगितले.

"म्हणजे आठवी पास! झकास! देव पावला." बाईंनी चक्क टाळी वाजवली. नियम असा होता की लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असले पाहिजे. "आणि संगीतातलं काय कळतं तुम्हाला?"

"काही नाही."

"दुसरीही अट पुरी. मेल्या, इतके दिवस बोलला का नाहीस? तुझ्याइतका लायक माणूस अख्ख्या दिंडोशीत मिळायचा नाही."

घरी जाऊन ट्रंकेच्या तळातून मी माझा शाळा सोडल्याचा दाखला काढला. 'मी खाली सही करणार, शिक्षण आठवी उत्तीर्ण' हे वाक्य मी इतरांसाठी अनेकदा लिहिले आहे. स्वतःसाठी ते प्रथमच लिहिले, आणि खाली 'संगीताचे ज्ञान नाही' हेही जोडले. हस्ताक्षर नेहमीइतके चांगले आले नाही.

मग चार दिवस माझी तालीम. बाईंचा नियम एकच: सांगितले तेवढेच लिहायचे, आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवायचे. हे ऐकायला सोपे आहे. माझे सारे आयुष्य लोकांची वाक्ये सुधारण्यात गेलेले. वैशालीने सांगितले, "यमन रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात." मी वाचून दाखवले, "सदर राग रात्रीच्या प्रथम प्रहरी गाण्यात यावा."

"रागाला नोटीस काढलीस की काय?" बाई ओरडल्या. वैशाली हसून हसून तंबोऱ्यावर रेलली.

त्या चार दिवसांत मला एवढे कळले की प्रत्येक रागात एक मुख्य स्वर असतो, त्याला वादी म्हणतात. आणि त्याच्या खालोखालचा, त्याला साथ करणारा, तो संवादी. यमनाचा वादी गंधार, संवादी निषाद. वादी हा आपला रोजच्या ओळखीचा शब्द इथेही भेटला, याचा मला आनंद झाला. त्या आनंदातच घोटाळ्याचे मूळ होते.

परीक्षेच्या दिवशी अंधेरीला, जिथे प्रवेश हवा होता त्या कॉलेजात, आम्ही तिघे वेळेआधी पोहोचलो. यापूर्वी परीक्षेच्या बाकावर मी बसलो तो नववीच्या गणिताच्या पेपराला. अर्ध्या तासात उठून बाहेर आलो होतो आणि पुन्हा शाळेत गेलो नाही. वैशालीला माझा श्वास ऐकू गेला असावा. ती कुजबुजली, "काका, होल्ड." मी पेन घट्ट धरले.

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. एक शब्द पदरचा घातला नाही, 'सदर' एकदाही लिहिले नाही. मला स्वतःचा अभिमान वाटू लागला होता. वेळ संपायला पाच मिनिटे उरली तेव्हा ती म्हणाली, "आता वाचा." मी हलक्या आवाजात वाचू लागलो: "यमन रागाचा वादी स्वर गंधार व प्रतिवादी स्वर निषाद..."

"काय वाचलंत?"

मी पुन्हा वाचले, आणि मग मला दिसले.

"काका, मी संवादी सांगितलं होतं."

"हात गेला गं," मी म्हणालो. "वादी लिहिलं की पुढे हात आपोआप जातो."

"किती ठिकाणी?"

चार ठिकाणी. तीन मी खोडून नीट केली. चौथे भूप रागाच्या उत्तरात, पान उलटून शेवटी. तिथे पोहोचण्याआधी घंटा झाली आणि पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका उचलली.

बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो, "माझ्या हातून अत्यंत गंभीर स्वरूपाची..."

"ट्रंक कॉल."

मी एका वाक्यात सांगितले. बाई आधी हसल्या, मोठ्याने, पदर तोंडाला लावून. "गंधाराने निषादावर दावा लावला! तुमच्याकडे दोघे समोरासमोर आले की राग येतो, पेडणेकर. आमच्याकडेही दोघे आले की रागच येतो, पण तो ऐकायला लोक येतात." मग तोंडावरचा पदर काढला. वैशालीचा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, "तोंडीला गेल्यावर गाण्याआधी तूच सांग. त्यांनी विचारायची वाट बघू नकोस."

तोंडी परीक्षेच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. आम्ही दोघे व्हरांड्यात. बाईंनी माझे मनगट धरले होते, आणि बांगड्या रुतेपर्यंत धरले होते. आत वैशाली म्हणाली, "सर, भूपाच्या उत्तरात प्रतिवादी लिहिलंय. ते संवादी धरा. माझे लेखनिक कोर्टासमोर अर्ज लिहितात."

आत दोघे-तिघे हसले. मग एक वयस्कर आवाज आला, "ते सगळं ठीक आहे. पण दोघांत फरक काय, सांगता येईल?"

खाली कुणीतरी मोटरसायकल चालू करीत होते. बाईंच्या ओठांवर शब्द आलेला मला दिसला.

"प्रतिवादी समोर उभा राहतो सर," वैशाली म्हणाली, "संवादी बाजूला."

"गा."

तिने भूपाचा गंधार लावला, थांबली, मग धैवत, पुन्हा गंधार. मला त्यातले काही कळत नाही, हे मी प्रतिज्ञेवर लिहून दिलेले आहे. तरी एवढे सांगतो की दुसरा स्वर आला तेव्हा पहिला जास्त नीट ऐकू येऊ लागला. खालची मोटरसायकल चालू झाली, भडभडत फाटकाबाहेर गेली, आणि तिचा सूर जागचा हलला नाही. माझ्या मनगटावरची पकड सैल झाली.

आठवड्याने दुपारी माझा फोन वाजला. पलीकडून दोनच शब्द आले, "लाइन लागली." आणि फोन बंद. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली त्यांना स्वतः फोनवर लांबलचक बोलायची सवय नव्हती.

त्या गणपतीला बाई कणकवलीच्या पुढे, समुद्राकाठी बहिणीकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. फोनवर सांगतात की बहिणीची पेटी बेसूर आहे आणि समुद्राची पट्टी ठरत नाही. ह्या एप्रिलात समाजमंदिराचा अर्ज लिहून घ्यायला वैशाली आली होती, चारच वाक्ये. पण बाईंना मी शेवटचे नीट पाहिले ते कॉलेजच्या पहिल्या दिवशी, दिंडोशीच्या बसस्टॉपवर.

सकाळची वेळ. वैशाली एकटी जाणार होती. तालीम म्हणून ती आणि बाई त्या मार्गावर कितीतरी वेळा जाऊन आल्या होत्या. काठी, पिशवी, फोन सगळे तिने स्वतः तपासले. मी सुटाबुटात नसलो तरी इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो.

"पेडणेकर," बाई हळूच म्हणाल्या, "पलीकडे चंद्राबाई उभ्या आहेत ना?"

रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीशी, त्या खरोखर उभ्या होत्या. पदराने तोंड झाकून. मी चकित झालो.

"मघाशी खोकल्या," बाई म्हणाल्या. "खोकलाही काळी चारच."

"मलापण ऐकू आला," वैशाली म्हणाली. "तिला वाटतंय मला माहीत नाही. राहू दे."

बस आली. वैशालीने नंबर विचारला, कंडक्टरने सांगितला, ती चढली. काठी दोनदा पायरीवर वाजली आणि दार बंद झाले. बस निघाली तशी बाईंनी काठी बगलेत धरून हात जोडले आणि ज्या दिशेला आवाज जात होता तिकडे तोंड करून पुटपुटू लागल्या:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चेडू एकट्यान कॉलेजात चल्ला हा. तेच्या वाटेत काय वाकडा-नाकडा असात ता सरळ कर, आणि तेचो सूर तेच्या जाग्यार ठेव, म्हाराजा!"

आणि त्या थांबल्या. गाऱ्हाणे घालणारा इथे थांबतोच. पुढचे बोलणे दुसऱ्यांचे असते. स्टॉपवर ऑफिसला निघालेली पाच-सात माणसे होती, कानांत वायरी घातलेली. बाई हात जोडून तशाच उभ्या राहिल्या. मी इकडे तिकडे पाहिले. मग घसा साफ केला आणि म्हणालो,

"होय म्हाराजा!"

जरा मोठ्यानेच म्हणालो असेन. दोघांनी वळून पाहिले. रस्त्यापलीकडे चंद्राबाईंनीही हात जोडले होते.

बाईंनी मान किंचित तिरपी केली. तंबोरा लावताना करीत तशीच.

"पांढरी एक," त्या म्हणाल्या. "आज उतरली नाही."